रविवारची रेकॉर्ड

रविवार, २ फेब्रुवारी

आज मी यांच्या नावाने खोटं बोलले आणि त्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाहीये.

सकाळपासून यांचा फोन टिंग टिंग करत होता. यांचा एक ग्रुप आहे. हे आणि यांचे कॉलेजातले तीन मित्र, चौघंही रॉक नावाच्या आरडाओरड्याच्या नादी लागलेले. केस गेले, पोटं सुटली, नाद काही सुटला नाही. दर रविवारी प्रत्येकाने सांगायचं, सध्या कुठला अल्बम ऐकतोय. कव्हरचा फोटो टाकायचा, खाली एखादी ओळ लिहायची. नियम एकच, त्या आठवड्यात पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत खरोखर ऐकला असेल तरच टाकायचा. मुलीच्या लग्नाचा दिवस रविवार होता, तरी हे हॉलच्या जिन्याखाली उभे राहून फोटो टाकत होते. पाहुणे शोधतायत आणि नवरीचा बाप जिन्याखाली.

आज त्यांच्यातल्या बेडकाने (सगळ्यांना अशीच नावं) लिहिलं, "लिफ्ट, तुझी जागा रिकामी आहे रे." हे लिफ्ट दुरुस्त करायचे म्हणून ग्रुपमध्ये यांचं नाव लिफ्ट. 'करायचे' लिहिलं मी. करतात. सध्या रजेवर आहेत.

वाचून मला कसंतरी झालं. यांना फोन दाखवला तर म्हणाले, "अरे." मेंदूला झटका आल्यापासून तेवढा एकच शब्द उरलाय. पाणी हवं तरी अरे, उशी बोचली तरी अरे, मुलीचा फोन आला तरी अरे. उजवा हात आणि पाय कुणीतरी विसरून गेल्यासारखे गादीवर पडून असतात. वाचताही येत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने महत्त्वाचे, जे परत यायचं ते बहुतेक तेव्हाच येतं. ओळखीची माणसं, ओळखीचे आवाज आसपास असू द्या.

मग मी कपाटातून हाताला लागेल ती रेकॉर्ड काढली. कव्हरवर जिन्यात बसलेला घोडा. घोड्याने जिन्यात का बसावं हे विचारायचं नसतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. फोटो काढला आणि खाली लिहिलं, "सध्या हा ऐकत आहे. फार सुंदर आहे. धन्यवाद."

ढोल्याचं लगेच उत्तर आलं, "एकही शिवी नाही? तब्येत खरंच बरी नाही तुझी." पुढे हसरे चेहरे. म्हणजे पटलं त्यांना.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हॉटेलवाल्यांनी वेटरांच्या पँटींचा गठ्ठा पाठवलाय. सगळ्या खालून आखूड करायच्यात. नवे वेटर बुटके घेतले की कापड जास्त आलं, देव जाणे. शिलाई मशीन ओढत ओढत यांच्या खोलीत आणलं, म्हणजे लक्षही राहतं. मशीन चालू असलं की हे शांत पडून असतात. मी मात्र पँटी शिवून शिवून आडवी व्हायची वेळ आलीय.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज इतका आनंद झालाय की आधी लिहून टाकते, मग भांडी घासते.

गेल्या रविवारचा खोटेपणा मनात राहिला नव्हता, पण नियम मोडल्याचं राहिलं होतं. ऐकलं असेल तरच टाकायचं. म्हटलं, चला, खरंच ऐकवू. प्लेअर यांच्या खोलीत आणला, घोडेवाली रेकॉर्ड लावली. सुई टेकली आणि असा धडाम आवाज झाला की मला वाटलं भांड्यांचं कपाट कोसळलं. माझे हात कानावर गेले. आणि बघते तर यांची मान हलतेय!

हे लोक गाणं ऐकताना मान जोरजोरात हलवतात, हे सगळ्या जगाला माहीत आहे. तरुणपणी यांचे केस खांद्यापर्यंत होते आणि मान हलवली की समोरच्याला वारा लागायचा. तीच मान आज हलली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, उशीवर घासून घासून. "अरे! अरे!" म्हणाले, तेही नेहमीच्या मरगळलेल्या आवाजात नाही, जोरात. डावा हात उचलून प्लेअरकडे नेला. हात पोचत नव्हता म्हणून मी प्लेअर आणखी जवळ सरकवला, अगदी उशाशी.

पूर्ण रेकॉर्ड झाली तेव्हा घामाघूम झाले होते. एवढे कष्ट फिजिओथेरपीतही घेत नाहीत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुलीला व्हिडिओ पाठवला होता. तिचा फोन आला.

"आई, बाबांच्या डोळ्यांत पाणी आहे."

"असणारच. मला पण आलं."

"ते ठीक आहे गं. पण त्यांना आवडतंय ना नक्की?"

"तुझ्या बापाला रॉक आवडतं का, हे तू मला विचारतेस?"

लांब राहिलं की माणूस उगाच शंका काढत बसतं. मी इथे चोवीस तास आहे, मला दिसतंय.

रविवार, २३ फेब्रुवारी

तिघं आले होते. दारातच एकमेकांना पुढे ढकलत होते. आजारी माणसाच्या खोलीत आधी कुणी शिरायचं यावर बायका कधी अशा अडत नाहीत.

बेडकाचं चष्म्याचं दुकान आहे. गाताना गळा फुगायचा म्हणून बेडूक. ढोल्या ड्रम वाजवायचा, आता गाडी चालवायला शिकवतो आणि स्वतः सायकलच्या वेगाने चालवतो. वकील हे खरोखरच वकील आहेत, तिथे यांची कल्पनाशक्ती संपली असावी.

खुर्च्यांवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले. "कसा आहेस?" "अरे." "बरा दिसतोस." "अरे." मग सगळे पंख्याकडे बघायला लागले. मला काही ते बघवेना. मी उठले आणि रेकॉर्ड लावली. रिकामा बाथटब आणि त्यात एक बूट, असं कव्हर. यांची मान हलायला लागली आणि खोलीत जीव आला.

"आयला, लिफ्ट चालू झाली!" ढोल्या ओरडला आणि खुर्चीच्या पाठीवर ताल धरला.

"वाढव, आवाज वाढव," बेडूक म्हणाला. वकिलांनी बटण फिरवलं. खिडकीची काच थरथरायला लागली. हे मान हलवतायत, हे तिघं आपापल्या टकल्या हलवतायत, मी दारात चहाचा ट्रे घेऊन हसतेय आणि रडतेय.

मध्येच ढोल्या थांबला. "पण हा पूर्वी वरून खाली हलवायचा ना? आता आडवी हलवतोय."

"अरे, अर्धं अंग गेलंय त्याचं," वकील म्हणाले. "दिशा बदलली असेल."

हे कुणालाही पटण्यासारखं होतं. यांनी डाव्या हाताने बेडकाची बाही घट्ट पकडून ठेवली होती, सोडेचनात. बेडकाने आपला दुसरा हात यांच्या हातावर ठेवला. म्हणाला, "आहे रे मी, आहे." दोन्ही बाजू ऐकल्या, मगच उठले.

जाताना वकील मला म्हणाले, "वहिनी, ग्रुपवर फार छान लिहिता." मी म्हटलं, हे सांगतात, मी लिहिते. वकिलांनी मान डोलावली. त्यांनाही खरं वाटलं.

बुधवार, ५ मार्च

बोलायला शिकवणारी बाई यायला लागलीय. दिसायला कॉलेजातली पोर, पण करारी आहे. शब्द लगेच येणार नाहीत म्हणाली, आधी 'हो' आणि 'नाही' पक्कं करू. हिरवं कार्ड म्हणजे हो, लाल कार्ड म्हणजे नाही. बोट ठेवायचं.

"तुमचं नाव बेडूक आहे का?" यांनी हिरव्यावर बोट ठेवलं. "तुम्ही बाई आहात का?" हिरवं. मी तोंडात पदर कोंबला. बाई हसली नाही. म्हणाली, "आत्ता त्यांच्या हो-नाहीवर विसंबू नका. झटक्यानंतर ते उलटसुलट होतं. आपल्याला जे वाटतं तेच ते सांगतायत, असं धरून चालू नका."

मी म्हटलं, बाई गं, लग्नाला इतकी वर्षं झाली, यांच्या मनातलं मला कार्डाशिवाय कळतं.

शनिवार, १५ मार्च

एक गोष्ट कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. मला हे आवडायला लागलंय.

बाथटबवाल्या रेकॉर्डमध्ये शेवटून दुसरं गाणं आहे. सगळी वाद्यं एकदम थांबतात, एकटी गिटार राहते, आणि मग तो माणूस घसा फाटेपर्यंत ओरडतो. पूर्वी मी म्हणायचे, याच्या पोटात दुखतंय का. आता तिथे आलं की मशीनच्या पायडलवरचा माझा पाय थांबतो. शब्द निम्मे कळत नाहीत, पण याचं काहीतरी गेलंय, एवढं कळतं. इतकी वर्षं हे मला म्हणायचे, "एकदा बसून ऐक गं," आणि मी म्हणायचे, भात करपेल. आता ऐकतेय तर विचारायला शंभर प्रश्न आहेत आणि उत्तर एकच, अरे.

असू दे. बोलायला लागले की विचारीन.

आज यांनी गाणं चालू असताना डाव्या हाताने चादर डोक्यावरून ओढून घेतली. माझा जीव भांड्यात पडला, कारण हे नेहमी असंच ऐकायचे. दिवा बंद करून, तोंडावर टॉवेल टाकून. मी पडदेही ओढले आणि आवाज थोडा वाढवला, चादरीतून नीट पोचावा म्हणून.

रविवार, २३ मार्च

आज ग्रुपवर मी जरा मोठं लिहिलं. ते गिटारचं, एकटं राहण्याचं. मग बेडकाने लिहिलं, "इतक्या वर्षांत तू असं कधी लिहिलं नाहीस." आणि ढोल्याने नुसता अंगठा टाकला. चूक सापडली नसावी, नाहीतर ढोल्या सोडतोय होय.

यांचं जेवण कमी झालंय. रेकॉर्डचं पाकीट हातात घेतलं की तोंड भिंतीकडे करतात. पाठ टेकून ऐकायचा कंटाळा येत असेल. डॉक्टरांना विचारून बसवता आलं तर बघते. हातपाय गाळून चालणार नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या महिन्यांतले बरेच गेले.

बुधवार, २ एप्रिल

बाई आली. कार्डं आता यांना पक्की जमतात. "चहा हवा?" हिरवं. "खिडकी लावू?" लाल. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही तुमची आई आहे का?" यांनी लाल कार्ड उचलून माझ्या नाकासमोर नाचवलं आणि ओठाची एक बाजू हसली. मीही हसले. किती दिवसांनी हसलो दोघं.

त्या भरात मीच म्हणाले, "यांना विचारा ना, गाणी लावू का."

बाईने विचारलं. लाल.

"नीट कळलं नाही त्यांना," मी म्हटलं. "अहो, गाणी. तुमची. बाथटब, घोडा." लाल. "आवाज मोठा होतो का? लहान करून लावू?" यांनी लाल कार्ड टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. मग ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटून धरली.

बाई माझ्याकडे बघत होती. तिने एक साधी चाल गुणगुणली, पुन्हा तीच गुणगुणली. "या दोन्ही एकच होत्या का?" यांनी दोन्ही कार्डांकडे बघितलं आणि हात मागे घेतला. मग दोन अगदी वेगळ्या चाली. तसंच झालं. ती हळू आवाजात विचारत गेली. गाणं पूर्वीसारखं ऐकू येतं का? लाल. नुसते आवाज येतात? हिरवं. भांडी आपटल्यासारखे? हिरवं, आणि बोट तिथून उचलेचनात. शिलाई मशीनचा त्रास होतो का? लाल. मग गाण्याचा? हिरवं.

"होतं असं कधी कधी," बाई मला बाहेर म्हणाली. "कान चांगले असतात. मेंदूत गाण्याचं गाणं होत नाही."

"परत येईल ना?"

"सांगता येत नाही." ती चपला घालत म्हणाली, आणि मान वर न करता म्हणाली.

मी फोनमधला व्हिडिओ काढून बघितला. तोच, मुलीला पाठवलेला. मान आडवी हलतेय. लहान मूल औषध नको म्हणताना हलवतं तशी. आम्ही चार धडधाकट माणसं, आणि एकालाही दिसलं नाही. तो माणूस नाही म्हणत होता, आणि आम्ही आवाज वाढवत होतो. मी तर प्लेअर उशाशी नेऊन ठेवला. चादरीतसुद्धा सोडलं नाही त्यांना.

मी यांच्या पायाशी बसून रडले. यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याने जास्तच रडू आलं.

गुरुवार, ३ एप्रिल

प्लेअर बाहेरच्या खोलीत नेला. हे दुपारपासून संध्याकाळपर्यंत गाढ झोपले.

रविवार, ६ एप्रिल

वकिलांना फोन करून सगळं सांगितलं होतं. तिघं आले. या वेळी कुणी कुणाला ढकललं नाही.

बसले. चहा झाला. बिस्किटं झाली. आणि बोलायला काही नव्हतं. मला तोवर कळलंच नव्हतं की या चौघांनी जन्मभर दुसऱ्या कशावर गप्पाच मारल्या नाहीत. कुणाच्या बायकोला काय दुखतं, कुणाचा मुलगा काय करतो, एकालाही दुसऱ्याचं माहीत नाही. ढोल्याची बोटं सवयीने गुडघ्यावर ताल धरायला लागली. यांनी तिकडे बघितलं. ढोल्याने हात मांडीखाली दाबून ठेवला.

शेवटी बेडकाने यांचा चष्मा काढला, काडी वाकडी झाली होती ती सरळ केली, काचा पुसल्या, परत डोळ्यांवर बसवला. नीट बसला का, हे दोनदा बघितलं. बस, एवढंच. मग उठले.

दारात वकील म्हणाले, "पहिल्या दिवसापासून माहीत होतं आम्हाला, वहिनी. तो मेला असता तरी धन्यवाद म्हणाला नसता. पण तुम्ही लिहीत राहा. आता तुम्हीच आहात आमच्यात."

"आणि हे?" मी विचारलं.

ते बराच वेळ बूट घालत बसले. "आम्ही येऊ," म्हणाले. कसं म्हणाले ते मला ऐकू आलं. माझे कान चांगले आहेत.

रविवार, १३ एप्रिल

ग्रुपवर बेडकाने फोटो टाकला आणि थोड्या वेळाने काढून टाकला. दुसरं कुणी काही टाकलं नाही. घरी कुणी आलं नाही.

कपाटातल्या रेकॉर्ड्सवरची धूळ पुसली. मुलगी म्हणते, देऊन टाक कुणालातरी. तिचं बरोबर आहे. पण यांच्या देखत कपाट रिकामं करायला मन होत नाही आणि यांना खोलीतून हलवता येत नाही.

मशीनवर बसले असताना आपोआप गुणगुणायला लागले. ते गिटारचं. माझ्या ध्यानातही आलं नाही. यांनी डावा हात कानावर ठेवला तेव्हा आलं. आता या घरात गुणगुणायचीही सोय नाही. आणि राग कुणावर काढणार?

रविवार, २० एप्रिल

वकिलांनी मला एक नवीन अल्बम पाठवला, फोनवर. "आमच्यापैकी कुणी अजून ऐकला नाही. आधी तुम्ही ऐका." जेवणानंतर हे झोपले होते. मी इअरफोन लावून खिडकीशी बसले. चोरून खाल्ल्यासारखं वाटत होतं. पण चांगला होता. इतका चांगला होता की मला पहिला विचार हाच आला की यांना ऐकवायला हवा.

वळून बघते तर हे जागे. कधीपासून बघत होते कोण जाणे. मी घाईने वायर ओढली. यांनी डाव्या हाताने खूण केली, ये. मी गेले. यांनी माझ्या कानातला एक इअरफोन काढला आणि स्वतःच्या कानाला लावला.

लाल कार्ड शेजारीच पडलं होतं. त्याला हात लावला नाही. डोळे मिटले. मान हलली नाही. मी वाकून उभी, दुसऱ्या कानात तेच गाणं, आणि यांच्या चेहऱ्याकडे बघतेय. यांच्या भुवया जवळ आल्या, अंधारात जिन्याची पायरी चाचपडताना येतात तशा. मला वाटलं, लागतंय हाताला काहीतरी. माझ्या काळजात इतकी आशा उठली की मला तिची भीती वाटली. गाण्यात तो माणूस वर वर चढत होता, आणि तो सगळ्यात वर पोचला तेव्हा यांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत काही नव्हतं. वाट बघून परत आलेल्या माणसाचे डोळे.

म्हणजे हेही वाट बघत होते. मला वाटत होतं, मी एकटीच.

आता काही येणार नाही. बाईने सांगितलं तेव्हा ऐकलं होतं, आज पटलं. यांनी इअरफोन कानातून काढला आणि माझ्यापुढे धरला, की तू ऐक. मी घेईना. मी नको नको म्हणून मान हलवत राहिले. यांचा हात तसाच पुढे राहिला, हळूहळू खाली यायला लागला, डाव्या हातालाही आता फार वेळ धरवत नाही. मग मी इअरफोन घेतला.